वही सुनेनं वाचली, आता लिहू की नको?

पत्र : मी ६७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. अमळनेरला मुलगा, सून आणि नववीतल्या नातवासोबत राहते. मुलगा नोकरीसाठी रोज जळगावला अप-डाऊन करतो. मिस्टरांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून रात्री जेवण झालं की वहीत चार ओळी लिहायची सवय लागली. गेल्या महिन्यात वही टेबलावर उघडी राहिली आणि सुनेनं वाचली. त्या पानावर होतं, 'या घरात माझं काम आता ताटं पुसण्यापुरतं.' ती भांडली नाही, पण तेव्हापासून चहाचा कप ठेवते आणि न बोलता निघून जाते. मागची पानं उलटून पाहिली तर सगळीकडे गुडघा, गोळ्या आणि 'कुणाला पर्वा नाही'. मी अशी नव्हते हो. शिवाय हात थरथरतो. फळ्यावरच्या माझ्या अक्षराचं गावात नाव होतं, ते आता माझं मलाच लागत नाही. आणि दिवसभरात लिहिण्यासारखं घडतं तरी काय? यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना सासऱ्यांच्या वडिलांचं नाव आठवेना. विचारायला घरात माझ्याहून मोठं कुणी उरलेलं नाही, हे तेव्हा एकदम लक्षात आलं. वही बंद करू का?

उत्तर :

बाई, वही बंद करू नका. बदलायची आहे ती लिहायची वेळ आणि वाक्याची रीत.

आधी वेळ. रात्रीच्या जेवणानंतर डोळे थकलेले असतात, गुडघ्यावरून दिवसभराचं वजन गेलेलं असतं, गाडी लेट झाली म्हणून मुलगा तोंड पाडून आलेला असतो आणि शेजारची खुर्ची रिकामी असते. त्या घटकेला वही उघडली की तिच्यात तक्रारच उतरणार. तुमचा स्वभाव बदलला असं त्यावरून ठरत नाही. सकाळचा चहा झाला की बसा, साडेसहा ते पावणेसात. पंधरा मिनिटं आणि अर्धं पान, त्याहून जास्त नको. वैशाखात तर खानदेशात सकाळशिवाय दुसरी वेळच नाही. दुपारी पारा ४४-४५ वर गेलेला असतो, कूलरच्या वाऱ्यानं पान उडतं, घामानं मनगट कागदाला चिकटतं आणि शाई फासली जाते. मनगटाखाली जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा ठेवा, तेवढ्यानं बराच फरक पडतो.

आता सून. हे काम या आठवड्यातच उरका, कारण अबोला जितका जुना होतो तितकी त्याची सवय होते. मुलासमोर बोलू नका आणि त्याला वकीलही करू नका. समोरासमोर खुर्च्या मांडूनही नको. दोघींचे हात कामात असतील अशी वेळ धरा. लसूण सोलताना, शेंगा फोडताना नजर सुपात असते, त्यामुळे बोलणं सोपं जातं. 'तू माझी वही का वाचलीस' हा प्रश्न काढूच नका, वही उघडी तुम्हीच ठेवली होती. तीन वाक्यं पुरेत : 'ते लिहिलं तेव्हा मी स्वतःवरच चिडले होते. वाचणाऱ्याला ते आपल्यावर आहे असं वाटणारच, आणि तुला ते लागलं हे मला कळलंय. मला घरात एक पूर्ण काम हवंय.' वाक्य थोडं तिच्यावर असेलच, तर तेही सांगून टाका. नुसत्या गोड माफीतला खोटेपणा सुना लगेच ओळखतात. आणि मग गप्प बसा. 'पण तूसुद्धा...' असं चौथं वाक्य तोंडाशी आलं की लसणाची पुढची पाकळी उचला.

'पूर्ण काम' हे शब्द मुद्दाम सुचवले आहेत. ताटं पुसणं हे कामाचं शेपूट आहे. स्वयंपाक दुसऱ्याचा, भाजी कोणती ते दुसऱ्यानं ठरवलेलं, आणि शेवटी आपल्या हातात फडकं. उतारवयात माणसाला खुपतं ते हे. काम कमी झाल्यापेक्षा ठरवणं हातातून गेल्याचं दुःख मोठं असतं. म्हणून सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपलं असेल असं एकच काम मागून घ्या. वर्षाचा काळा मसाला घ्या. यादी तुमची, खडा मसाला निवडणं तुमचं, काय किती भाजायचं ते तुमचं. कांडपावर नेणं-आणणं नातवाकडे, बरणी भरून वर तारीख लिहिणं पुन्हा तुमच्याकडे. मिरची तिखट निघाली तर बोलणीही तुमचीच. बोलणी खाण्याची तयारी नसेल तर मात्र काम मागू नका.

त्याच आठवड्यात वहीत एक प्रयोग करा. एक दिवस सुनेची दिनचर्या लिहा, फक्त वेळ आणि काम, विशेषण एकही नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी नळाला पाणी आलं, तिनं मोटार लावली. पाच पन्नासला कणीक. सहाला डबा, दोन भाज्या, एक बिनतिखट. अशा पंधरा-वीस ओळी होतील. शिक्षकी पेशात निरीक्षणवह्या भरल्याच असतील, ही तशीच. पान तिला दाखवायचं की नाही ते नंतर बघू. मात्र ते लिहून झाल्यावर 'कुणाला पर्वा नाही' हे वाक्य पूर्वीइतक्या सहज हातातून उतरणार नाही.

त्या वाक्याचा दोषही बघायला हवा. एखाद्या पोरानं निबंधात 'पाऊस खूप छान पडला' लिहिलं असतं तर तुम्ही लाल पेनानं विचारलं असतं : छान म्हणजे कसा? किती वेळ? पागोळ्या गळाल्या का? 'गुडघा फार दुखला, कुणाला पर्वा नाही' हे तसलंच वाक्य आहे. पहिल्या भागात माप नाही आणि दुसऱ्या भागात निकाल आहे, घडलेलं काहीच नाही. तेच असं लिहून बघा : 'सकाळी साडेसहा. मोरीत पाटावरून उठताना उजवा गुडघा आतल्या बाजूनं. भिंतीला हात टेकला, भिंत ओली होती, हात घसरला. दुसऱ्या खेपेला नळ धरून उठले.' चार छोटी वाक्यं, रडगाणं कुठेच नाही, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शिवाय या पानावर काम करता येतं. पाट काढा, १७-१८ इंच उंचीचं, पायांना रबरी बूच असलेलं स्टूल मोरीत ठेवा. हाताशी दीड फुटाचा स्टीलचा दांडा बसवून घ्या, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. भिंतीत भोक पाडून, प्लग ठोकून, स्क्रूनं. नुसता टाइलला चिकटवून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा, आणि नळ धरून उठणं आजपासून बंद. नळ माणसाच्या वजनासाठी बसवलेला नसतो. फिरतो किंवा उपटून हातात येतो.

जी तक्रार मापात लिहिता येते तिच्यातल्या निम्म्या गोष्टींवर सुतार, प्लंबर, चष्मेवाला किंवा डॉक्टर काहीतरी करू शकतो. उरलेलं खरं दुःख असतं. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसावर दांडा ठोकून इलाज नाही. पण दोन्ही एकाच ओळीत कालवली की दुःखाची किंमत जाते आणि गुडघ्याचीही.

म्हणून पानं वाटून घ्या. वही उघडली की डावं पान शरीराच्या हिशेबाला आणि उजवं पान तुम्हाला. डाव्या पानावर तारीख, झोप किती तास, रात्री लघवीला किती वेळा उठलात, गोळ्या घेतल्याची खूण, कुठे तोल गेला का, आणि आठवड्यातून दोनदा बीपी. बीपी घरी मोजताना हमखास चुका होतात त्या अशा : पायऱ्या चढून आल्या आल्या मोजणं, मांडी घालून बसणं, पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधणं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, दंड उघडा आणि छातीच्या पातळीला टेबलावर ठेवलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. चांगला तेवढा लिहायचा, ही लबाडी बरेच जण करतात. उठल्यावर चक्कर येत असेल तर उभं राहून १ ते ३ मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर ते पान डॉक्टरांना दाखवा, गोळीची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते. तोपर्यंत पहाटे उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मगच उभं राहायचं. पाण्याचे तांबेही डाव्या पानावर मोजा. वय वाढलं की तहान लागल्याचा इशारा क्षीण होतो आणि उन्हाळ्यात तहानेच्या भरवशावर राहणारा म्हातारा माणूस संध्याकाळी गळून पडतो. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. नोव्हेंबरच्या पानावर आत्ताच 'हयातीचा दाखला' असं लिहून ठेवा.

डाव्या पानाला दहा ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नका. ते पान हावरट असतं, सगळी वही खातं.

आता हात. थरथर सगळी एक नसते आणि तुमची वहीच त्यातला फरक दाखवू शकते. कप उचलताना, सुई ओवताना, लिहिताना हात हलतो आणि मांडीवर निवांत ठेवला की थांबतो, अशी थरथर बऱ्याचदा घराण्यात चालत आलेली असते. तिच्यात अक्षर मोठं आणि नागमोडी होतं. उलट निवांत ठेवलेला हातच हलतो, बहुतेक एका बाजूनं सुरुवात होते, चालताना तो हात झुलत नाही आणि ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक बारीक होत जातं, तर तो कंपवात असू शकतो. तो मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवा. याखेरीज थायरॉइड जास्त असणं, दम्याचा पंप, साखर उतरणं, रात्रीचं जागरण आणि कडक चहा यांनीही हात हलतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पट्टी घेऊनच तपासायला जा. दर महिन्याच्या एक तारखेला वहीच्या मागच्या पानावर एकच ठरावीक वाक्य लिहा आणि त्याखाली मनगट न टेकता एक चकली काढा, मधून सुरू करून बाहेर. डॉक्टर थरथर बघायला अशीच चकली काढून घेतात. तीन महिन्यांच्या तीन चकल्या शेजारी शेजारी ठेवल्या की हात बिघडतोय की तिथेच आहे ते दिसतं. सांगून सांगून दमण्यापेक्षा ते पान पुढे करणं बरं.

लिहिण्यापुरता उपाय तुमच्याच शाळेच्या कपाटात आहे : पहिलीच्या पोरांची दुरेघी वही. लाज वाटू देऊ नका. आणि शिरोरेघ काढणं सोडा. देवनागरी लिहिताना थरथरता हात सगळ्यांत जास्त अडतो तो त्या आडव्या रेघेवर. अक्षर नीट उतरतं आणि वरची रेघ नाल्यासारखी वाहत जाते. मोडी लिहिणारे कारकून आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिच्याखाली टांगत जात. तुम्ही छापील वरची रेघ हीच शिरोरेघ समजा आणि अक्षरं तिला लटकवा. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल, चार दिवसांत ओळ सरळ दिसायला लागेल.

पेन जाड हवं. बारीक पेन घट्ट धरावं लागतं आणि घट्ट धरलं की थरथर वाढते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंचांचा तुकडा पेनावर चढवा, पकड सैल होते. बॉलपेन दाबावं लागतं. जेल पेन हलकं चालतं, पण बऱ्याचदा पाण्याचा एक थेंब पडला की ओळ गेली. सगळ्यांत बरी २बी पेन्सिल. दाब लागत नाही, उडत नाही, पाण्यानं पसरत नाही. कोपर टेबलावर पूर्ण टेकलेलं असावं. मांडीवर पाटी घेऊन लिहिणं आता बंद. दिवा डाव्या बाजूनं, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. साठीनंतर डोळ्याची बाहुली आधीसारखी मोठी होत नाही आणि डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, म्हणून खोलीत लख्ख दिसणारी ट्यूबही वाचायला अपुरी पडते. चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर मोतीबिंदू आणि साखर दोन्ही तपासा. आणि दोन भागांचा चष्मा घालून जिना उतरू नका, खालच्या वाचायच्या काचेतून पायरी धूसर दिसते.

ज्या दिवशी हात अजिबात चालत नसेल त्या दिवशी बोला. नातवाला सांगून फोनच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा घालून घ्या. माइकचं चिन्ह दाबलं की बोललेलं उमटतं. विरामचिन्हं येत नाहीत, जोडाक्षरांत गंमती होतात आणि आपल्या अहिराणी बोलीचं तर तो पार वाटोळं करतो. म्हणून अहिराणी बोलायचं असेल तर टायपिंगच्या भानगडीत न पडता नुसता आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख बोला आणि फाइलला तारखेचंच नाव द्या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवून घेतली म्हणून ती टिकली. तेव्हा बोलून लिहिणं कमी दर्जाचं, असं खानदेशात तरी कुणी म्हणू नये.

'दिवसभरात काही घडत नाही' ही अडचण उजव्या पानाची. घडलेलंच लिहायचं असा नियम कुणी केला? साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयात सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत स्वच्छ परत येतात, हे मानसशास्त्रात चांगलं तपासलेलं आहे. पहिली शाळा, पहिला पगार, सासरचा पहिला उन्हाळा, अशा पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी त्याच वर्षांत दाटलेल्या असतात. काल रात्रीची भाजी आठवत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीची शिदोरी आठवते, यात भिण्यासारखं काही नाही. भ्यायचं ते वेगळ्या गोष्टींना : रोजच्या गल्लीत वाट चुकणं, एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणं, आयुष्यभर केलेल्या वरणाची कृती मध्येच सुटणं. असं होत असेल तर तपासणी लवकर करा, कारण बी-१२ ची कमतरता आणि थायरॉइड यांसारखी काही कारणं औषधानं सुधारतात. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी असणं काही दुर्मीळ नाही. आजेसासऱ्यांचं नाव न आठवणं यात मोडत नाही. जे नाव वर्षातून एकदा घ्यायचं ते विसरायला होतंच.

उजव्या पानाची युक्ती एकच : हातापासून सुरू करा. 'आमचं बालपण' असा विषय घेतला की पेन हवेत राहतं. 'आईचे हात उडदाच्या पापडाचं पीठ कुटताना' असा घेतला की पान भरतं. पीठ किती पायली? पापडखार वजनानं की मुठीनं, आणि जास्त पडला की पापड तळल्यावर लाल यायचे, तो दोष कुणाच्या माथी? पीठ तेलाच्या हातानं कोण कुटायचं, वरवंट्यानं की मुसळीनं? लाट्या दोऱ्यानं कापताना दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात की दातात? पापड कडक उन्हात टाकले की कड उचलून चिरतात, म्हणून आधी सावलीत. मग ती सावली कुठली, ओट्यावरची की खाटेखालची? पोरींना कच्च्या लाट्या खायला मिळायच्या का, की पाठीत धपाटा? यातल्या एका प्रश्नाला एक दिवस. एकट्या पापडावर दोन आठवडे निघतील, मग खापरावरची पुरणपोळी आहेच. अंगभर पुरण भरलेली ती पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कशी तोलायची, हे लिहून दाखवणं सोपं नाही. सहा-सात वेळा खोडावं लागेल.

एक खड्डा मात्र टाळा : 'तेव्हा सगळं छान होतं.' असं वाक्य आलं की लगेच खाली लिहा की तेव्हा कुणाला काय मिळत नव्हतं. आखाजीच्या झोक्यांवर कुणाची पाळी कधीच यायची नाही? माहेरी कुणाला धाडलं जायचं नाही? पापड लाटायला बोलावलेल्या बायांना जाताना काय द्यायचे? गोडवा खरा असेल तर या प्रश्नांनी तो कमी होणार नाही.

वाक्य अहिराणीत आठवलं तर अहिराणीतच लिहा. आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), बठ्ठं (सगळं) असे शब्द प्रमाण मराठीत घासून-पुसून बसवले की ज्या बाईच्या तोंडचं वाक्य आहे ती बाईच पानावरून उठून जाते. वर्गात तुम्हीच पोरांची बोली 'शुद्ध' केली असेल. तो नोकरीचा भाग होता, आता नोकरी नाही.

राग आला तर तो कुठे लिहायचा, हे राहिलं. वहीत नको. सुट्या कागदावर, पाठकोऱ्या कागदावर, हवं तसं लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा वाचा. त्यात मोजता येण्यासारखं एखादं वाक्य असेल तर ते वहीत उतरवा आणि कागद बारीक फाडून टाका. नुसता चुरगळून टोपलीत नको, चुरगळलेला कागद उलगडता येतो. वही मात्र लपवू नका. लपवलेली वही घरात सगळ्यांना माहीत असते. आतल्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : 'डावं पान कुणीही वाचावं. उजवं विचारून.' पावसाळ्यात ती भिंतीला लागून ठेवू नका, वाळवी आधी तिथेच येते. पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा नातवाकडून पानांचे फोटो काढून घ्या.

एक गोष्ट पत्रात स्पष्ट लिहिलेली नाही, पण विचारायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहतं का? जेवणाची, देवळात जायची, नातवाशी बोलायची गोडी गेली आहे का, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही का? असं असेल तर वही पुरणार नाही. डॉक्टरांकडे जा, या वयातल्या औदासीन्यावर औषध लागू पडतं. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, मुलाला सांगा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ वर आहे.

राहिली घागर. नावं विचारायला घरात कुणी मोठं उरलं नाही, पण घराबाहेर शोधून बघा. चुलत सासरे, लग्न होऊन गेलेल्या नणंदा, भाऊबंदकीतली एखादी म्हातारी. बायकांना सासरकडची नावं अनेकदा पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतात. मूळ गावच्या तलाठी कार्यालयात जुने सातबारा आणि फेरफार बघा. वारसाची नोंद होताना मेलेल्याचं आणि त्याच्या वारसांचं नाव लिहावंच लागतं, त्यामुळे आजेसासऱ्यांचं नाव तिथे सापडण्याचा संभव बराच आहे. एस.टी.ला तुम्हाला तिकीट अर्धंच पडतं. उन्हं चढायच्या आत जाऊन दुपारपूर्वी परत या. मिळालेली नावं वहीच्या शेवटच्या पानावर तीन पिढ्यांच्या उतरंडीनं लिहा, बायकांची नावं माहेरच्या नावासकट. ती कागदपत्रांत सहसा नसतात, म्हणून ती आधी विचारून घ्या. आणि ते पान घेऊन सुनेजवळ बसा. तुमच्यानंतर घागर तीच भरणार आहे. तिच्या आईची, आजीची नावं तिलाच सांगायला लावा आणि लिहायलाही तिलाच द्या. तिचा हात थरथरत नाही.